'डी' म्हणजे 'देर', 'एम' म्हणजे 'माल': रोमन अक्षरे अल्बेनियन शब्दांतून आली का?

तुम्ही विचारले आहे की, रोमन अक्षरे मुळात अल्बेनियन शब्दांवरून घडली हा दावा कितपत खरा आहे. दाव्यातली उदाहरणेही तुम्ही दिली आहेत. 'डी' आले 'देर' म्हणजे दार या शब्दावरून, 'एम' आले 'माल' म्हणजे डोंगरावरून (दोन शिखरे दिसतात ना!), 'यू' आले 'ऊय' म्हणजे पाण्यावरून. शिवाय झ्यूस, अथेना ही ग्रीक देवांची नावेही अल्बेनियनच, कारण अल्बेनियन ही पेलास्गियन लोकांची, म्हणजे ग्रीकांच्याही आधीच्या लोकांची भाषा. आणि शेवटी तुम्ही विचारता: हे सगळे खोटे असेल, तर अल्बेनियन लिपी आली कुठून?

अक्षरांपुरते उत्तर 'नाही' असेच आहे. जुन्या लिपी वाचणे आणि शिकवणे हे माझे रोजचे काम. वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, फक्त अल्बेनियनच्या जागी संस्कृत असते. 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' हे ऐकत मोठी झालेली मंडळी आपण, त्यामुळे असल्या बादरायण संबंधांची चटक आपल्याला नवी नाही. पण नुसते 'नाही' म्हणून भागणार नाही, कारण तुमचा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर या दाव्यापेक्षा कितीतरी रंजक आहे.

आधी अक्षरांच्या नावांकडे बघा. ग्रीक माणसाला विचारा, 'अल्फा' म्हणजे काय? तो म्हणेल, पहिले अक्षर. त्यापलीकडे त्या शब्दाला ग्रीकमध्ये अर्थच नाही. बीटा, गॅमा, डेल्टा यांचीही तीच गत. हिब्रूत मात्र हीच नावे आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ अशी येतात आणि तिथे ती बोलतात. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, दालेथ म्हणजे दार. पुढे योदचे नाते हाताशी, मेमचे पाण्याशी, आयिन म्हणजे डोळा, पे म्हणजे तोंड, रेश म्हणजे डोके. जिथे नावाला अर्थ आहे तिथले ते मूळचे. जिथे नुसता ध्वनी उरला तिथे ते उसने आले आहे. खुद्द ग्रीकांनीही हे लपवलेले नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की अक्षरे फिनिशियनांनी (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या व्यापारी लोकांनी, ज्यांची भाषा हिब्रूची सख्खी बहीण) आणली आणि ग्रीक लोक त्यांना 'फिनिशियन अक्षरे' म्हणतात.

दुसरा पुरावा क्रमाचा, आणि मला तो सगळ्यांत पक्का वाटतो. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनी लावलेली आहे: कंठापासून ओठांपर्यंत, क-वर्ग ते प-वर्ग. ती कोणीही विचार करून पुन्हा तशीच मांडू शकेल. ए, बी, सी, डी या क्रमामागे असले काहीच तर्कशास्त्र नाही. बैलानंतर घर का आणि डोळ्यानंतर तोंड का, हे सांगता येत नाही. पण हाच क्रम सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये मातीच्या पाट्यांवर कोरलेला सापडतो, इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातला. बायबलमधल्या ११९व्या स्तोत्राची कडवी त्याच क्रमाने सुरू होतात. ग्रीकांत तोच, रोमनांत थोड्या फेरफाराने तोच. तर्क नसलेला क्रम चार ठिकाणी सारखा निघाला, तर तो उचललेलाच असणार. कॉपी पकडताना बरोबर उत्तरांपेक्षा सारख्या चुका जास्त उपयोगी पडतात, हे कुठलाही मास्तर सांगेल.

आता चित्रांकडे येऊ. सिनाई वाळवंटात सेराबित अल-खादिम नावाचे ठिकाण आहे. प्राचीन इजिप्शियन तिथे फिरोजा रत्न खणत, आणि खाणीजवळ त्यांनी हाथोर देवीचे देऊळ बांधले होते. १९०५ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना तिथे काही ओबडधोबड कोरीव अक्षरे मिळाली. दिसायला ती इजिप्शियन चित्रलिपीसारखी, पण चिन्हे जेमतेम काही डझन. चित्रलिपीत ती शेकडो असतात. एवढी थोडी चिन्हे म्हणजे ही ध्वनींची लिपी असणार, हे उघड होते. १९१६ मध्ये इजिप्तच्या लिपीचे अभ्यासक अॅलन गार्डिनर यांनी एक साधी युक्ती केली. चित्र ओळखायचे, त्या वस्तूचे सेमिटिक (म्हणजे हिब्रू, फिनिशियन, अरबी यांच्या कुळातले) नाव घ्यायचे आणि नावाचा पहिला ध्वनी तेवढा वाचायचा. एक चार चिन्हांची जोडणी पुन्हापुन्हा येत होती: घर, डोळा, बैल हाकायची पराणी, फुली. घराचा ब, डोळ्याचा तो घशातला 'आयिन', पराणी म्हणजे लामेद, तिचा ल, फुली म्हणजे ताव, तिचा त. जुळवले की निघाले 'बअलत', म्हणजे स्वामिनी. आणि त्या देवळातून आलेल्या लहानशा स्फिंक्सवर, जो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एकीकडे इजिप्शियन चित्रलिपीत हाथोरचे नाव आणि दुसरीकडे या नव्या लिपीत 'बअलत'. तीच देवी, दोन भाषांत.

आपण मुलांना 'ग गणपतीचा' शिकवतो, तेव्हा अक्षर आधी असते आणि गणपती मागून येतो. सिनाईत उलटे घडले. वस्तू आधी होती, तिच्या नावाचा पहिला ध्वनी कापून घेतला आणि वस्तूचे चित्र त्या ध्वनीला चिकटले. इजिप्तमध्येच वादी अल-होल इथे नंतर सापडलेले असेच लेख साधारण इ.स.पू. १९०० ते १८०० च्या सुमाराचे मानले जातात. इस्रायलमधल्या लाखिशला २०१६ मध्ये एक हस्तिदंती फणी मिळाली. तिच्यावरची पुसट अक्षरे २०२२ मध्ये वाचली गेली आणि त्यांतून याच लिपीतले, कनानी या सेमिटिक भाषेतले एक अख्खे वाक्य निघाले. ते काय म्हणते? या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत. लिपीच्या इतिहासात राजांचे शिलालेख पुष्कळ आहेत, पण मला ही फणी जास्त आवडते.

आता दाव्याची परीक्षा घ्यायची सोपी रीत. चित्र आणि ध्वनी दोन्ही पक्के ठाऊक असलेली आठ अक्षरे घ्या आणि अल्बेनियन शब्द लावून बघा. बैल म्हणजे 'का', पण अक्षर 'ए'. घर म्हणजे 'श्तपी', अक्षर 'बी'. हात म्हणजे 'दोर', अक्षर 'आय'. पाणी 'ऊय', अक्षर 'एम'. डोळा 'स्यू', अक्षर 'ओ'. तोंड 'गोय', अक्षर 'पी'. डोके 'कोक' किंवा जुन्या शब्दात 'क्र्यूए', अक्षर 'आर'. दार 'देर', अक्षर 'डी'. आठांत एक जमले! आता हाच खेळ मराठीत खेळा: बैल, घर, हात, पाणी, डोळा, तोंड, डोके, दार. इथेही आठांत एक, आणि तेही नेमके दारच. हा योगायोग नाही. अल्बेनियन 'देर', आपले 'दार' (संस्कृत द्वार) आणि इंग्रजी 'डोअर' हे सगळे एकाच इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. सेमिटिक 'दालेथ'शी त्यांचा काही संबंध नाही. दोन्हींचा पहिला ध्वनी 'द' निघाला, एवढेच. म्हणजे 'डी' अल्बेनियन ठरत असेल तर ते त्याच न्यायाने मराठीही ठरते.

'एम'मधली दोन शिखरे म्हणजे डोंगर नाहीत, त्या पाण्याच्या लाटा आहेत. जुन्या लेखांत ते चिन्ह कितीदा तरी उभे नागमोडी काढलेले दिसते, आणि डोंगर काही उभा राहून वळवळत नाही. 'यू'ची तर आणखी गंमत. रोमन काळात 'यू' आणि 'व्ही' हे एकच अक्षर होते, टोकदार व्ही. दोन्हींची वेगळी अक्षरे म्हणून पक्की वाटणी व्हायला सोळावे-सतरावे शतक उजाडले. 'आय' आणि 'जे' यांचेही तसेच. 'जी' हे अक्षर तर रोमनांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकात 'सी'ला एक रेघ जोडून तयार केले. 'यू'ची जन्मवेळही अशी माहीत असताना त्याचे मूळ प्रागैतिहासिक पाण्यात शोधायचे म्हणजे कमाल आहे.

देवांच्या नावांबद्दल थोडक्यात, कारण तिथे भाषाशास्त्राचा एक सुंदर धडा आहे. दावा असा की झ्यूस म्हणजे 'झ', अल्बेनियनमधला 'आवाज' हा शब्द. आणि अथेना म्हणजे 'ए थना', 'बोललेली'. आता अल्बेनियनच्या उत्तरेकडच्या गेग बोलीत आवाजाला अनुनासिक 'झां' म्हणतात आणि 'तो आवाज' म्हणताना 'झानी'. म्हणजे मूळ शब्दात 'न' होता, तो दक्षिणेकडच्या बोलीत गळाला. झ्यूसच्या मूळ नावात 'न' नव्हता. त्याची षष्ठी 'दिओस' अशी होते आणि त्याचे सख्खे भावंड म्हणजे वेदातला द्यौः. 'बोलणे' या अल्बेनियन धातूतला 'थ' तर मूळच्या 'क'सारख्या ध्वनीपासून झालेला. संस्कृतात त्याच ध्वनीचा 'श' झाला आणि 'शंस' धातू मिळाला, आपल्या 'प्रशंसे'तला. अथेनाचे नाव क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या मातीच्या पाटीवर इसवी सनापूर्वी हजाराहून अधिक वर्षे आधी लिहिलेले सापडते, तेही 'अताना' असे. त्या काळात अल्बेनियनच्या पूर्वजाने 'बोललेली' म्हणायचे ठरवले असते, तर शब्दाच्या सुरुवातीला 'थ' आलाच नसता.

या दाव्यांचे खरे दुखणे इथे आहे. ते आजचा शब्दकोश उघडतात आणि तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडात घालतात. भाषा इतकी वर्षे जशीच्या तशी राहत नाही, आणि अल्बेनियन तर भलतीच बदललेली आहे. शब्दारंभीच्या मूळ 'स'चा तिच्यात अनेकदा 'ग्य' झाला. 'ग्यार्पर' म्हणजे साप, आपला सर्प. 'ग्यूम' म्हणजे झोप, संस्कृत स्वप्नाचा नातलग. हे नियम पाळून शोधले की खरी नाती सापडतात आणि ती पाहून जीव सुखावतो. 'नात' म्हणजे रात्र, संस्कृत नक्त. 'झ्यार' म्हणजे आग, तिचे मूळ आणि संस्कृत घर्माचे मूळ एक, म्हणजे उन्हात आपल्याला येतो तो घामही त्याच घराण्यातला. 'मोतर' म्हणजे चक्क बहीण, पण शब्द मात्र माता-मदरचा. उलट, दिसायला सारखे असणारे 'हेसाप' आणि आपला 'हिशेब' हे कुळाने नातलग नाहीतच. दोन्हीकडे ते अरबीतून आले, तिकडे तुर्कांच्या हातून आणि इकडे फारसीच्या. अल्बेनियन इंडो-युरोपीय कुळातली आहे हे एकोणिसाव्या शतकात झायलँडर आणि बोप यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. ती त्या कुळाची स्वतंत्र शाखा आहे, ग्रीकची आई नाही आणि लेकही नाही.

आणखी एक गोष्ट दावा करणारे सहसा सांगत नाहीत. लिहिण्यासंबंधीचे अल्बेनियनचे शब्दच बाहेरून आलेले आहेत. 'लिहिणे' म्हणजे 'श्क्रुआय', लॅटिन 'स्क्रिबेरे'पासून. त्याच्यावरूनच अक्षराला 'श्क्रोन्य'. पत्र आणि कागद या अर्थी 'लेतर', लॅटिन 'लित्तेरा'. पुस्तक 'लीबर', तेही लॅटिन. ज्या भाषेने जगाला अक्षरे दिली तिला 'अक्षर' हा शब्द शेजाऱ्याकडून आणावा लागेल, हे जरा अवघडच आहे.

तरीही हा दावा कुठल्या रिकामटेकड्याने काल पसरवला असे समजू नका. त्याचे एक टोक एका गंभीर विद्वानापर्यंत जाते. योहान गेओर्ग फोन हान हे ऑस्ट्रियाचे वाणिज्यदूत. त्यांना मध्य अल्बेनियातल्या एल्बासान गावात एक आगळीच लिपी सापडली, ५२ अक्षरांची. तिला तोध्री लिपी म्हणतात. १८५४ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि ती थेट फिनिशियन लिपीची वंशज असावी, असे मत मांडले. १८८३ मध्ये लेओपोल्ड गाइटलर यांनी तिचे मूळ मुख्यतः रोमन घसट्या, म्हणजे भरभर लिहायच्या लिपीत दाखवले आणि फिनिशियन कल्पना मागे पडली. पण तोवर पेलास्गियन पूर्वजांची कथा अल्बेनियन राष्ट्रवाद्यांच्या हाती गेली होती, आणि त्यांना तिची गरजही होती. उस्मानी राज्यात माणूस धर्मावरून मोजला जाई: मुसलमान म्हणजे तुर्क, ऑर्थोडॉक्स म्हणजे ग्रीक. अल्बेनियन असे वेगळे काही असते हेच मान्य नव्हते. अशा वेळी 'आम्ही ग्रीकांच्याही आधीचे' हे वाक्य किती गोड लागले असेल! त्या पिढीला मी हसणार नाही. आज, सगळे पुरावे समोर असताना तेच पुन्हा सांगणाऱ्यांना सूट देण्याचे मात्र कारण दिसत नाही. आपल्याकडेही हेमाडपंतांनी मोडी लिपी लंकेहून आणली, असे सांगणारे अजून भेटतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. लिहिलेल्या अल्बेनियनचा हाती असलेला सर्वांत जुना सर्वमान्य नमुना म्हणजे १४६२ सालचे एक वाक्य. अल्बेनियातल्या दुर्रस शहराचे आर्चबिशप पाल एन्ग्येली यांनी लॅटिन पत्रात बाप्तिस्म्याचे सूत्र अल्बेनियनमध्ये लिहिले, मूल चर्चपर्यंत नेता येत नसेल तर आईबापांनी घरीच म्हणावे म्हणून. पहिले ज्ञात छापील पुस्तक ग्योन बुझुकू या पाद्रीचे, उपासनाविधींचे. शेवटी त्याने लिहून ठेवले आहे की काम २० मार्च १५५४ ला सुरू केले आणि ५ जानेवारी १५५५ ला संपवले. त्याची एकच प्रत उरली आहे, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, आणि तीही सुरुवातीच्या पानांशिवाय. लॅटिन अक्षरांत न बसणाऱ्या ध्वनींसाठी बुझुकूने काही वेगळी चिन्हे वापरली. पुढची साडेतीनशे वर्षे याच अडचणीशी झगडण्यात गेली.

त्या झगड्यात धर्मही होता. कॅथलिक लॅटिन अक्षरांत लिहीत, ऑर्थोडॉक्स ग्रीक अक्षरांत, मुसलमान कवी अरबी लिपीत. भाषा एक आणि तीन शेजारी एकमेकांचे पत्र वाचू शकत नाहीत. म्हणून काहींनी कोणाचीच नसलेली लिपी काढली. अठराव्या शतकात एल्बासानमध्ये एका अनामिकाने चाळीस अक्षरांची स्वतंत्र लिपी वापरून शुभवर्तमानाचे उतारे लिहिले. नाउम वेकिलहार्जी हे रोमानियात जाऊन राहिलेले अल्बेनियन. त्यांनी ३३ अक्षरांची नवी लिपी रचून १८४४ मध्ये तिची मुळाक्षरांची पुस्तिका छापली. कुठल्याच धर्माशी जोडलेली वाटू नये, अशीच ती घडवलेली होती. १८७९ मध्ये इस्तंबूलमध्ये सामी फ्राशेरी यांनी लॅटिनवर आधारलेली ३६ अक्षरांची वर्णमाला केली, एका ध्वनीला एक अक्षर या तत्त्वाने. तत्त्व उत्तम, पण त्यातली काही अक्षरे कुठल्याही बाहेरच्या छापखान्यात मिळत नसत. खिळे मुद्दाम पाडून घ्यावे लागत. उत्तर अल्बेनियातल्या श्कोदर शहराच्या कॅथलिक मंडळींनी त्यावर व्यवहारी उपाय काढला: साधी लॅटिन अक्षरे घ्यायची आणि अडेल तिथे दोन जोडायची.

१९०८ च्या जुलैत तुर्कस्तानात तरुण तुर्कांची क्रांती झाली, थोडी मोकळीक मिळाली, आणि १४ ते २२ नोव्हेंबर या काळात मनास्तिर इथे (आजच्या उत्तर मॅसेडोनियातले बितोला) लिपीसाठी परिषद भरली. अध्यक्ष मिदहत फ्राशेरी, मुसलमान. लिपी ठरवणाऱ्या ११ जणांच्या समितीचे प्रमुख ग्येर्ग्य फिश्ता, फ्रान्सिस्कन पाद्री आणि कवी. समितीत तिन्ही धर्मांचे लोक होते. एकमत झाले नाही. इस्तंबूलची वर्णमाला आणि नवी निव्वळ लॅटिन वर्णमाला, दोन्ही चालू ठेवाव्यात असे ठरले. पुढे लोकांनीच निवड केली. ज्या लिपीत कुठल्याही छापखान्यात पुस्तक काढता येते ती टिकली, दुसरी काही वर्षांत बाजूला पडली. आजच्या अल्बेनियनमध्ये ३६ अक्षरे आहेत, त्यांतली नऊ जोड्या: डी-एच, जी-जे, एल-एल, एन-जे, आर-आर, एस-एच, टी-एच, एक्स-एच आणि झेड-एच. तिच्यात प्रत्येक ध्वनीला जागा आहे म्हणून तीच सर्व लिप्यांची जननी, असा युक्तिवाद तुम्हाला कुठेतरी भेटेलच. प्रत्येक ध्वनीला जागा आहे, कारण १९०८ मध्ये माणसांनी टेबलाभोवती बसून ती दिली.

१९१० मध्ये तरुण तुर्कांच्या सरकारने अरबी लिपीची बाजू उचलून धरली आणि गावोगाव दोन्ही बाजूंच्या सभा झाल्या. १९१२ मध्ये अल्बेनिया स्वतंत्र झाला आणि तो वाद निकालात निघाला. २२ नोव्हेंबर हा दिवस अल्बेनियन लोक अजून 'अक्षरदिन' म्हणून पाळतात. मागे पडलेल्या लिप्याही आता संगणकात आल्या आहेत: एल्बासान लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली, वेकिलहार्जींची २०२१ साली, आणि हान यांना फिनिशियन वाटलेली तोध्री २०२४ साली.